ओळीपुढची फिकट अक्षरं

१

आमचा एडिटर म्हणजे एक नंबरचा आगाऊ. एडिटर म्हणजे ज्यात आम्ही प्रोग्रॅम लिहितो ती स्क्रीनवरची खिडकी. दिवसाचे आठ-नऊ तास मी माणसांपेक्षा तिचंच तोंड बघते, त्यामुळे तिच्या खोडी मला सवतीच्या असाव्यात तशा पाठ आहेत. आपण एक शब्द लिहायला जावं, हिने भलताच सुचवावा, आणि घाईत एंटर दाबला की आपला शब्द गेलाच बाराच्या भावात. मधूनच कर्सर उडी मारून दहा ओळी वर जाऊन बसतो. चांगली चाललेली फाइल उघडावी तर ही म्हणते, आधी मला अपडेट करा. आणि अपडेट केलं की काल चालणारं आज चालत नाही.

"ताई, तू तिला शिव्या घातल्यास की ती जास्तच चेकाळते," ढब्बू म्हणायचा.

ढब्बू माझा धाकटा भाऊ. लहानपणी गुबगुबीत होता म्हणून ढब्बू. पुढे तेहेतीस वर्षांचा काटकुळा माणूस झाला तरी नाव चिकटलं ते चिकटलं. ऑफिसात आम्ही दोघंच, तिसरं कुणी नाही. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत समोरासमोर दोन टेबलं, आतल्या खोलीत एक खाट, एक कपाट आणि बेसिन. चष्म्याच्या दुकानांसाठी आम्ही प्रोग्रॅम करतो. गिऱ्हाइकाचा नंबर किती, काच कुठली, फ्रेम कधी तयार होणार, सगळं त्यात. अकरा दुकानं आमच्याकडे होती आणि त्यांतलं सगळ्यात पहिलं आणि सगळ्यात किरकिरं म्हणजे आमचे चष्मेवाले. त्यांचा फोन आठवड्यातून दोनदा तरी यायचाच.

एडिटरची एकच गोष्ट मला मनापासून आवडायची. कुठल्याही ओळीवर कर्सर ठेवला की ओळीच्या पुढे फिकट राखाडी अक्षरांत दिसतं, ही ओळ कुणी लिहिली आणि कधी. 'ताई, तीन महिन्यांपूर्वी.' 'ढब्बू, काल.' भांडण मिटवायला यासारखं साधन नाही. चूक निघाली की ओळीवर जायचं, नाव वाचायचं आणि ज्याचं नाव त्याने मुकाट निस्तरायचं, हा आमचा कायदा होता.

त्या गुरुवारी सकाळी मी पावती छापायची फाइल उघडली. चारशे बारा ओळींची फाइल, माझ्या ओळखीची. खाली गेले तर ती चारशे बाराला संपेना. आणखी काही ओळी होत्या. मी वैतागून पहिल्याच ओळीवर कर्सर ठेवला.

पुढे फिकट अक्षरं आली. 'ढब्बू, पाच दिवसांनी.'

२

"ढब्बू, तुझ्या मशीनचं घड्याळ पुढे गेलंय का रे?"

"का गं?"

"इकडे ये, बघ काय दाखवतंय."

तो उठून माझ्या खुर्चीमागे आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "कुठे काय? चारशे बाराला संपली की फाइल."

संपली होती. त्याच्या डोळ्यांसमोर खालचा सगळा भाग कोरा होता. मी दोनदा वर-खाली केलं. ढब्बूने माझ्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाला, "अकरा दुकानदार ओळखीचे आहेत आणि स्वतःचा नंबर तपासून घेत नाहीस. चाळिशी लागली तुला, ताई."

तो जाऊन आपल्या जागेवर बसला. मी पुन्हा खाली गेले. ओळी होत्या.

आता हे असं काही दिसलं की आमच्या धंद्यातलं माणूस घाबरत नाही, चिडतं. कुठेतरी कसलीतरी जुनी प्रत अडकली असणार, दोन घड्याळांत फरक असणार, कुणीतरी एडिटरला फुकटातलं काहीतरी जोडून ठेवलं असणार. मी घड्याळं तपासली. दोन्ही मशीनवर सेकंदासकट सारखी. एडिटर काढून टाकला आणि परत घातला. मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढला, तर फोटोत चारशे बाराच्या खाली पांढरं. स्क्रीनवर मात्र ओळी तशाच.

शेवटी मी त्या वाचल्या. वाचल्या म्हणजे काय, वाचाव्याच लागल्या, दुसरं काही सुचेना. लिहिणं ढब्बूचंच होतं. तो प्रोग्रॅमच्या मधेमधे माणसांसाठी टिपा लिहून ठेवतो, मशीन त्या वाचत नाही. तशी एक टीप तिथे होती. 'इथे डावा डोळा आधी छापायचा. का ते चष्मेवाल्यांना विचारा, मला विचारू नये.'

आमच्या पावतीवर पहिल्या दिवसापासून उजवा डोळा आधी होता. कुणीही कधी तक्रार केली नव्हती.

शुक्रवार गेला, शनिवार-रविवार घरी गेला, सोमवार गेला. मंगळवारी साडेबाराला चष्मेवाल्यांचा फोन आला. ढब्बूने उचलला. बराच वेळ हं हं केलं, डोळे फिरवले, शेवटी "बरं, करतो" म्हणून ठेवला.

"काय म्हणतायत?"

"यांच्याकडे नवीन मुलगी आलीये पावत्या लिहायला. तिला म्हणे डावा डोळा आधी लागतो. का, तर तिला तशी सवय आहे. अरे, जग उजव्यापासून सुरू करतं!"

तो टाइप करायला लागला. मी उठले आणि त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. डावा डोळा आधी छापायचा, का ते चष्मेवाल्यांना विचारा, इथपर्यंत झालं. मग तो थांबला, मान तिरकी केली, गालातल्या गालात हसला, आणि उरलेले तीन शब्द लिहिले. एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही.

मी घामेजलेले तळहात त्याच्या खुर्चीच्या पाठीला पुसले.

३

त्या दिवशी ढब्बू जेवायला घरी गेला. आमचं घर चालत दहा मिनिटांवर, आई त्याची वाट बघत बसते. मला भूक नाही असं सांगून मी मागे राहिले. दार आतून लावलं आणि फाइलच्या तळापर्यंत गेले.

आधी ढब्बूच्या ओळी. 'ढब्बू, उद्या.' 'ढब्बू, परवा.' मग काही 'ढब्बू, तीन दिवसांनी' अशा. त्यांतल्या शेवटच्या ओळीवर कर्सर ठेवून थांबलं की पूर्ण वेळ दिसते. शुक्रवार, अकरा वाजून बावीस मिनिटं.

ती ओळ अर्धी होती. 'जर उजव्या डोळ्याचा नंबर' एवढंच, पुढे काही नाही. नंबर काय असेल तर, काय करायचं, काहीच नाही. अशी तुटकी ओळ फाइलमध्ये असली की प्रोग्रॅम चालतच नाही. आणि ढब्बू ओळ अर्धी ठेवून कधी पाणी प्यायलाही उठत नाही. आग लागली तरी आधी ओळ पुरी करेल आणि मग पळेल, अशी त्याची तऱ्हा.

त्याच्या खाली मोठी रिकामी जागा होती, आणि मग माझं नाव. 'ताई, पाच आठवड्यांनी.'

पाच आठवडे आमच्या फाइलला कुणी हात लावला नव्हता. आम्ही दोघं आजारी पडलो तरी घरून काम करणारी माणसं. पाच आठवडे!

पुढे सगळीकडे मीच. 'ताई, दोन महिन्यांनी.' 'ताई, चार महिन्यांनी.' ढब्बू कुठेच नाही. मी खाली-खाली जात राहिले आणि एका ठिकाणी माझ्या नावावर एक टीप सापडली. मी कधी टिपा लिहीत नाही, मला कंटाळा येतो.

'हा भाग ढब्बू बघायचा. मला तो पूर्ण कळलेला नाही, म्हणून हात लावत नाहीये.'

मी लॅपटॉप मिटला. जिन्यात कुणाच्या तरी चपला वाजल्या, वरच्या मजल्यावर गेल्या. बेसिनचा नळ थेंब-थेंब गळत होता. ढब्बू रोज म्हणायचा की वायसर बदलतो.

त्याच्या छातीवर मधोमध एक उभा व्रण आहे. सहा वर्षांचा असताना त्याच्या हृदयाची झडप दुरुस्त करावी लागली होती. मी तेव्हा चौदाची. ऑपरेशनच्या खोलीबाहेर आईने माझा दंड घट्ट धरला आणि म्हणाली, याच्याकडे तू बघायचंस. तेव्हापासून मी बघतेच आहे. लग्न केलं नाही ते काही याच्यापायी नाही, उगाच त्याच्यावर कशाला ढकलू, पण रात्री त्याच्या खोलीतून खोकला आला की माझी झोप अजून मोडते.

४

बुधवारी मी उठून तयार होईपर्यंत हा पठ्ठ्या ऑफिसला पोचून कामालाही लागला होता. मी गेले ती थेट त्याच्या टेबलाशी.

"उठ. डॉक्टरकडे जायचंय."

"कुणाला काय झालं?"

"तुला. वर्षाची तपासणी राहिलीये."

"अगं, मार्चमध्ये केली की!"

"मग पुन्हा करू. चल."

माझा चेहरा बघून त्याने वाद घातला नाही. हातातली ओळ पुरी केली, सेव्ह केली आणि उठला. दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

डॉक्टरांनी छातीला तारा लावल्या, पट्टी काढली, मशीन फिरवून पडद्यावर झडप दाखवली. लहानसं काहीतरी उघडमीट करत होतं, नेमाने.

"झक्कास आहे," डॉक्टर म्हणाले. "खरं सांगू का, तुमच्यापेक्षा याचं हृदय बरं असेल. तुमचा रक्तदाब बघू जरा?"

माझा रक्तदाब खरंच वाढलेला निघाला. ढब्बू परत येताना रस्ताभर हसत होता. "मला दाखवायला आणलंस आणि गोळ्या स्वतः घेऊन चाललीस. आईला सांगतो थांब."

मी त्याला सगळं सांगितलं. पदपथावर उभं राहून, लोकांचे धक्के खात. ओळी, डावा डोळा, शुक्रवार, अकरा बावीस, पाच आठवडे. तो आधी हसला, मग हसायचा थांबला. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. लहानपणापासून मी त्याच्या खांद्यावर हात ठेवत आले होते, त्याने माझ्या खांद्यावर ठेवायची ही पहिली वेळ असावी.

"ताई, तू किती दिवस नीट झोपली नाहीस?"

"माझं डोकं ठिकाणावर आहे."

"आहेच गं. पण त्या चष्मेवाल्यांचं डाव्या डोळ्याचं तू फोनवर आधी कधीतरी ऐकलं असशील, मला सांगितलं असशील, दोघं विसरलो असू. होतं असं."

त्याचं म्हणणं रास्त होतं. मीही स्वतःशी तेच म्हणून बघितलं होतं, मंगळवारपासून शंभरदा. पण मला ते पटत नव्हतं, आणि पटत नाही म्हणून रडू येत होतं. रस्त्यातच मी रडले. तो गडबडला.

"बरं बाई, रडू नको. काय करू सांग. तू म्हणशील ते करतो."

"शुक्रवार दुपारपर्यंत किबोर्डला हात लावायचा नाही. आणि माझ्या नजरेआड जायचं नाही."

"एवढंच ना? फुकटची सुट्टी, कोण नको म्हणेल?"

५

मला युक्ती सुचली ती त्या पदपथावरच. सांगते, कारण त्या युक्तीचा मला तेव्हा भारी अभिमान वाटला होता.

आमच्याकडे प्रोग्रॅम तपासायला चाचण्या असतात. अमुक दिलं तर तमुक आलं पाहिजे, एवढंच ती चाचणी बघते. कसं आलं ते बघत नाही. मग एखादी चाचणी काही केल्या पास होईना की कामचुकार प्रोग्रॅमर काय करतो, आत गणित-बिणित न करता अपेक्षित उत्तर सरळ लिहून टाकतो. चाचणी खूश, हिरवी टिकली. जुनी लबाडी आहे, प्रत्येकाने कधी ना कधी केलेली.

फाइल काय म्हणत होती? या वेळेला, ढब्बूच्या नावावर, ही ओळ. बोटं कुणाची ते कुठे लिहिलं होतं? एडिटरच्या खालच्या कोपऱ्यात ज्याचं नाव चालू असेल त्याच्या नावावर ओळ चढते. ढब्बूचा पासवर्ड मला माहीत होता, तसा माझाही त्याला. मी त्याच्या नावाने आत शिरायचं. बुधवार दुपारपासून शुक्रवारपर्यंतच्या त्याच्या चौदा ओळी मी लिहायच्या, ठरल्या वेळी, ठरल्या शब्दांत. शेवटची ओळ मात्र अर्धी सोडायची नाही. ती पुरी करायची, आणि थांबायचं नाही, त्याच्याच नावावर पुढे आणखी वीस ओळी लिहायच्या. म्हणजे शुक्रवारनंतरही ढब्बू फाइलमध्ये असेल. फाइलमध्ये असेल तर असेल, हे माझं गणित.

आता सांगताना हे वेडगळ वाटतं. तेव्हा मला ते काचेसारखं स्वच्छ दिसत होतं.

चौदाही ओळी मी वेळेसकट कागदावर उतरवून घेतल्या. ढब्बूचा लॅपटॉप कपाटात, किल्ली माझ्या पर्समध्ये. बुधवारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी मी त्याच्या नावाने पहिली ओळ लिहिली. खाली तळात जी पुढच्या वेळेची ओळ दिसत होती ती गेली आणि तिच्या जागी ही खरी बसली. पुढे अक्षरं आली, 'ढब्बू, आत्ता.'

मी मोठा श्वास सोडला. पाच-सहा दिवसांनी पहिल्यांदा मला भूक लागली.

गुरुवारी सात ओळी झाल्या. सातही चपखल बसल्या. ढब्बू आतल्या खोलीत लोळत होता, पुस्तक वाचत होता, मधेच दारात येऊन "कैद्याला चहा मिळेल का?" विचारत होता. त्याने नळाचं वायसर बदललं. कपाटाच्या बिजागरीला तेल घातलं. रिकामं बसणं त्याच्या रक्तात नाही. संध्याकाळी घरी आई म्हणाली, "आज काय दोघांचं एवढं गूळपीठ?" आणि आम्ही दोघं हसलो.

मला वाटलं, जमलं.

६

शुक्रवारी सकाळी स्वच्छ ऊन होतं. खिडकीचा पडदा मी ओढून घेतला होता, स्क्रीनवर झळ येते म्हणून, आणि टेबलावरचा दिवा लावला होता. आत ढब्बूने माळ्यावरचा बंद पडलेला टेबलफॅन खाली काढला होता. "मोटार जळालेली नाहीये, नुसती तार सुटलीये," असं म्हणून तो फरशीवर मांडी घालून बसला होता. दार नुसतं लोटलेलं. स्क्रू ड्रायव्हरचा किर्र किर्र आवाज येत होता आणि तो काहीतरी गुणगुणत होता, नेहमीसारखं बेसूर.

"बटण बंद केलंस ना?" मी बाहेरून ओरडले.

"हो गं माझे आई!"

अकरा वाजून दहा. बारावी ओळ. बसली.

अकरा पंधरा. तेरावी. बसली.

फॅन थोडा फिरल्याचा आवाज आला, घरघरला, पुन्हा बंद झाला. "बघ, जिवंत आहे!" तो आतून म्हणाला. मी "शाबास" म्हटलं. माझं लक्ष घड्याळाकडे होतं. पुढे लिहायच्या वीस ओळी मी दुसऱ्या कागदावर तयार ठेवल्या होत्या. बोटं गरम राहावीत म्हणून एकमेकांवर घासत होते.

अकरा बावीस. मी लिहायला घेतलं. जर. उजव्या. डोळ्याचा. नंबर.

आता पुढचा शब्द. कागदावर तो लिहिलेला होता, 'शून्य'. आणि माझी बोटं त्या शब्दावर जाताना मला एकदम कळलं.

या चौदा ओळी मी मंगळवारी वाचल्या होत्या. ज्या वाचल्या त्याच मी आता लिहिल्या होत्या, ठरल्या मिनिटाला. चौदापैकी एकही ढब्बूची नव्हती. मंगळवारी मी बघितल्या तेव्हाही त्या माझ्याच होत्या, त्याच्या नावाने लिहिलेल्या. त्याने स्वतः लिहिलेली शेवटची ओळ बुधवारी दहा वाजून पाच मिनिटांची, डॉक्टरकडे जाण्याआधीची. त्यानंतर माझ्या भावाने एकही अक्षर लिहिलं नव्हतं, कारण मी लिहू दिलं नव्हतं.

आणि ही ओळ अर्धी सोडून उठणारं माणूस तो नव्हताच. ती मी होते.

मी ओळ अर्धी का सोडली असेल? समोर कागद आहे, शब्द तयार आहे, आणि ही एक ओळ पुरी करायची म्हणून मी तीन दिवस जीव टाकलाय. मी कशासाठी उठले असेन?

आतून खट् असा आवाज आला. अगदी बारीक. माझ्या टेबलावरचा दिवा गेला.

७

लॅपटॉप बॅटरीवर होता, स्क्रीन तशीच उजळ होती. कर्सर 'नंबर'च्या पुढे उघडमीट करत होता. गुणगुणणं थांबलं होतं. स्क्रू ड्रायव्हरचा आवाज थांबला होता.

जिन्याच्या बाजूचं मुख्य बटण पडलं की दिवे जातात. ते पडायला शंभर कारणं असतात. वरच्यांनी गिझर लावला असेल, जुनी वायरिंग आहे, यापूर्वीही पडलंय. हे मी सगळं मनाशी म्हटलं, एकामागून एक, नीट शब्दांत. आणि मी बसून राहिले. हे मला कुणालाच सांगता येत नाही, आईला तर नाहीच. मी बसून राहिले. कारण एक शब्द लिहिला की झालं असतं. 'शून्य' लिहिला असता तर ओळ अर्धी राहिली नसती, फाइल खोटी पडली असती, आणि मग आत तो सुटलेली तार धरून "गेली वाटतं लाइट" म्हणत बसलेला असता. असं मला वाटलं. पाच सेकंद असतील, दहा असतील. माझी बोटं किबोर्डवर होती आणि दाबली जात नव्हती. कुणी धरून ठेवली नव्हती. माझे कान आतल्या खोलीकडे लागले होते आणि कान तिकडे असताना बोटांना काही सुचत नव्हतं, बस्स.

"ढब्बू?"

उत्तर आलं नाही. लोटलेल्या दारामागे काहीतरी सरकलं, फरशीवरून, जड, आणि दार होतं त्याहून थोडं जास्त मिटलं.

लिही, मी स्वतःला म्हटलं. अगं बाई, एक शब्द लिही आणि मग जा.

मी उठले. कोणती बहीण बसून राहील? खुर्ची मागे पडली, कागद खाली उडाले. दोन टेबलांच्या मधून त्या दारापर्यंत आठ पावलं आहेत. अर्ध्यावर असतानाच मागे स्क्रीनवर काहीतरी हललेलं मला कडेने दिसलं. आमचा एडिटर काही क्षण कुणी काही लिहिलं नाही की आपणहून सेव्ह करून टाकतो.

मी वळून बघितलं नाही.

दाराला हात लावला. ते चार बोटं उघडलं आणि आतून अडलं, लाकूड लाकडाला लागावं तसं नाही, मऊ काहीतरी मध्ये असावं तसं. फटीतून जळक्या रबराचा वास आला. खाली फरशीच्या पातळीवर मला त्याच्या शर्टाची बाही दिसली आणि बाहीतून आलेला हात. उपडा. बोटं फरशीवर हलत होती, एकेक करून, भराभरा, तो टाइप करतो तशी. मग हळू झाली.

"ढब्बू, मी आहे रे. सरक जरा बाजूला, राजा, मला आत येऊ दे."

मी दार ढकललं. जोरात ढकलायची माझी हिंमत होत नव्हती, त्याला लागलं असतं.